चार माणसं, पाच कप

विनोदी पुस्तक लिहिणाऱ्याने एकच काळजी घ्यायची असते: ज्यांच्यावर लिहिलंय त्यांनी ते वाचता कामा नये! आणि या बाबतीत माझ्याइतकी सुरक्षित लेखिका शोधून सापडायची नाही. कारण आमच्या घरात पुस्तक कोणी वाचतच नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, यंत्राबरोबर येणारं माहितीपत्रक वाचतात, तेही यंत्र बिघडवून झाल्यावर. नवरा खोक्यांवर छापलेलं वाचतो. आणि आई, म्हणजे सासूबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. ज्या पुस्तकात शेवटी उत्तरं दिलेली नाहीत ते पुस्तक अर्धवट, असं त्यांचं स्पष्ट मत आहे.

तेव्हा मी बिनधास्त लिहिलं. 'घरात शहाणी मीच!' असं नावही ठोकून दिलं.

बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आयुष्यभर लोकांचे बंद फोन चालू केले, आता घरातल्या चालू वस्तू दुरुस्त करतात. आमच्या दारावरची घंटा त्यांनी दुरुस्त केली तेव्हापासून ती शेजारी वाजते. मग शेजारीण दार उघडून बघते आणि आम्हाला हाक मारते, "अहो, तुमच्याकडे कोणीतरी आलंय!" बाबांच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन-चार स्क्रू उरतात. ते म्हणतात, "कंपनीवाले उगाच जास्तीचे घालतात."

नवऱ्याला खोकं टाकवत नाही. मिक्सरचं खोकं, इस्त्रीचं खोकं, आणि ही खोकी ठेवायला कुठून तरी पैदा केलेलं मोठं खोकं! "असू दे गं, उपयोगी पडेल!" मिक्सर जळून जमाना झाला, खोकं ठणठणीत आहे.

पण पुस्तकातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आईंवरची. ज्या बाईंनी शाळाभर पोरांना त्रैराशिक शिकवून घाम फोडला, त्यांना घरातली माणसं मोजता येत नाहीत! आम्ही चौघं. चहा होतो पाच कप. रोज! आणि रोज त्यांना तेवढंच आश्चर्य वाटतं. "अगं बाई, उरला की एक! वाया जाईल. घेतेस का, वेडाबाई?"

आता मी वाढले मामाकडे. आईवडील लवकर गेले. मामाकडची माणसं चांगली होती, पण नियम दोन: वाढलेलं टाकायचं नाही आणि संपलेलं मागायचं नाही. त्यामुळे टाकायची भाषा कोणी केली की माझा जीव कळवळतो. मी तो कप घेते. रोज. खिडकीपाशी उभी राहून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. नाइलाजच तो!

तर पुस्तक छापून तयार झालं आणि प्रकाशक म्हणाले, "ताई, शेवटच्या पानावर फोन नंबर देऊ. वाचक अभिप्राय कळवतील."

मी काम करते रक्त तपासायच्या लॅबमध्ये. दिवसभर हातात दुसऱ्याचं रक्त, फोन घेणार कसा? मी घरचा नंबर दिला. घाबरू नका, विचार करून दिला! आमच्या घरचा फोन कोणी उचलत नाही. तो वाजला की तिघं जागच्या जागी बसून एकमेकांना सांगतात, "बघ गं कोणाचा आहे," "बघा हो कोणाचा आहे," "बघ रे कोणाचा आहे," आणि एवढं होईपर्यंत तो बंद पडतो. बाबा तर तत्त्वाने उचलत नाहीत. "आम्ही फोन दुरुस्त करायचो. उचलणारं खातं वेगळं होतं!"

मी निरोप घेणारं एक यंत्र विकत आणलं आणि फोनला जोडलं. त्यात आवाज भारदस्त करून बोलले, "नमस्कार. लेखिका सध्या लेखनात मग्न आहेत. आपला बहुमोल अभिप्राय नोंदवावा." वाचक बोलणार, टेप फिरणार, संध्याकाळी मी दार लावून एकटी ऐकणार. घरात कोणाला पत्ता लागायचं कारण नाही. काय डोकं, वा!

फक्त एक विसरले. नवीकोरी, चालू वस्तू मी बाबांच्या घरात ठेवून कामाला गेले. स्वतःच लिहिलेली गोष्ट मी एकदा नीट वाचायला हवी होती.

पहिल्या संध्याकाळी बटण दाबलं. खर्रर्र. बास! दुसऱ्या दिवशीही खर्रर्र.

"बाबा, तुम्ही याला हात लावलात?"

"तपासलं फक्त."

"म्हणजे उघडलंत?"

"उघडल्याशिवाय तपासणार कसं?"

"किती स्क्रू उरले?"

"एकही नाही!" बाबा छाती फुगवून म्हणाले. हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. मला इतकं कौतुक वाटलं की पुढे काही विचारायचंच राहिलं.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं करायची, "आज फोनबिन कोणाचा?" तिघंही ताटात बघायचे. "नाही बुवा." दहा दिवस झाले, पंधरा झाले. एकाही वाचकाला माझ्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं! चांगलं नाही तर निदान वाईट तरी म्हणा की लेको!

आणि त्याच सुमाराला घरात काहीतरी बिनसायला लागलं.

एका संध्याकाळी आले तर खोल्या मोठ्या झालेल्या. बोललं की आवाज घुमत होता. नवरा हात झटकत उभा होता.

"खोकी टाकली," तो म्हणाला. "सगळी."

"सगळी? अरे, त्यातल्या एका बुटांच्या खोक्यात माझे बूट होते!"

"बुटांच्या खोक्यात बूट असतील असं मला वाटलंच नाही गं," तो खाली मान घालून म्हणाला.

मग बाबा. मोरीतला नळ गळायला लागला आणि बाबा हाताची घडी घालून बसून राहिले! वर म्हणतात कसे, "प्लंबरला बोलवा. ज्याचं काम त्याने करावं." मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. दोन दिवसांनी त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून घंटासुद्धा आमच्या घरात वाजती केली. शेजारीण पडलेल्या चेहऱ्याने येऊन म्हणाली, "आता तुमच्याकडे कोण येतं जातं मला कळतच नाही हो. करमत नाही."

आणि मग आई. त्या दिवशी त्यांनी चहा आणला, चार कपांत ओतला आणि पातेलं उपडं घातलं. एक थेंब पडला नाही.

मी म्हटलं, "आज उरला नाही?"

"नाही. चार माणसं, चार कप. बरोबर ना हिशेब?"

आवाज शांत होता. माझ्याकडे न बघता त्या आत गेल्या. मी सवयीने खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. हातात काही नव्हतं. कपाच्या तळाशी बघितलं, तिथेही काही नव्हतं. आत जाऊन म्हणावं का, आई, अजून थोडा आहे का? पण माझ्या तोंडून ते निघेना. मामाकडचा नियम!

दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी चार. हिशेब चोख. आणि 'वेडाबाई' बंद! आता त्या मला "अगं, ऐकतेस का" म्हणायला लागल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं, पण त्या गोड बोलत होत्या. पाहुण्यांशी बोलतात तसं.

मला शंका आली, पुस्तक वाचलं की काय? गुपचूप जाऊन पाहिलं. घरातली प्रत अजून वेष्टनातच होती. मग झालं तरी काय? माझं कामात लक्ष लागेना. रक्ताच्या नळ्या हातात घेऊन मी नुसती बघत उभी राहायची. आई म्हणायला माणूस मला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळालं होतं. तेही हातचं चाललं होतं, आणि माझं काय चुकलं हे विचारायचा धीर होत नव्हता.

अशात लॅबच्या फोनवर प्रकाशकांचा फोन आला.

"ताई, अभिनंदन! वाचक नुसते फोनवर फोन करतायत म्हणे तुम्हाला!"

"मला? कोण?"

"आता लाजू नका! परवा दुकानात एक जण सांगत होता, पुस्तक बरं आहे, पण फोन अप्रतिम आहे. तुमचा तो निरोप संपला की मागे कोणीतरी म्हणतं, 'चूप बसा हो, तुमच्यावरच बोलतोय तो!' मग खुर्ची सरकते, बशी पडते. काय जिवंत ध्वनिमुद्रण केलंय! कोणाच्या डोक्यातून आलं?"

मला वाटलं, लाइन कोणाच्या तरी घरात घुसली असणार. कोणाच्या, हे मात्र डोक्यात आलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

त्याच दुपारी लॅबमधलं मोठं यंत्र बंद पडलं (बाबांनी हात न लावता!) आणि आम्हाला लवकर सोडलं. मी घरी आले. दार नुसतं लोटलेलं. आत हॉलमध्ये आई, बाबा आणि दुपारीच सुटणारा माझा नवरा, तिघं त्या यंत्राभोवती खुर्च्या मांडून बसलेले. आणि यंत्रातून एक माणूस खो खो हसत बोलत होता.

"...आणि तो खोक्यांवाला नवरा! मिक्सर जळाला, खोकं ठणठणीत! आई गं! असा माणूस सांभाळता कसा हो घरात? बरं, ठेवतो!"

नवऱ्याने पायाकडे बघितलं. आणि मग तिघांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "हे... हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," बाबा म्हणाले. "तुझा आवाज तेवढा ठेवला आणि निरोप घेणारी टेप काढून टाकली. घरात जिवंत माणसं असताना टेप कशाला? म्हटलं, सगळ्यांना मोठ्याने ऐकू येईल असं करावं. जुन्या रिसीव्हरमधलं सगळं त्यात बसवलं. संध्याकाळी तुला सांगणार होतो, लोक किती कौतुक करतात ते. पण पहिलाच फोन आला, तो म्हणाला, 'चालू वस्तू बिघडवणारा म्हातारा खरंच आहे का हो?' मग म्हटलं, लोक हसतात तर हात लावायचा कशाला?"

"बाबा! अहो, मी ते प्रेमाने लिहिलंय!"

"प्रेमानेच लिहिलं असशील," आई म्हणाल्या. "पण फोनवर हसणंच तेवढं ऐकू येतं गं. एक जण म्हणाला, मास्तरीणबाईंना चार माणसं मोजता येत नाहीत, यांनी शिकवलेल्या पोरांचं काय झालं असेल! मी म्हटलं, असेल बाई. आपण नीट मोजावं."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात फोन वाजला! चौघांपैकी कोणीच हललं नाही. माझा भारदस्त आवाज घुमला, "लेखिका सध्या लेखनात मग्न आहेत..." लेखिका घामाने निथळत होती.

मग एक म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. सावकाश, मधे श्वास घेत.

"हॅलो. तुम्ही मला ओळखत नाही. मी एकटीच असते, त्यामुळे वाचायला वेळ असतो. पुस्तक वाचलं. चांगलं आहे. मधे मधे लांबलंय."

नवऱ्याला हसू फुटलं. आईंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

"पण ती पाच कपांची गोष्ट मला काही पटली नाही. ज्याला मोजता येत नाही तो कधी तीन कप करेल, कधी सहा. रोज न चुकता पाचच होत असतील, तर बाईंचं गणित पक्कं आहे. तुम्ही लिहिलंय की उरलेला कप रोज वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी पितं. तो पितं कोण, एवढं एकदा बघा."

आणि आवाज थांबला.

मी आईंकडे बघितलं. आई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

"आई, तो कप माझा होता?"

"मग काय शेजारणीचा?" त्या एकदम ओरडल्या आणि त्यांचा आवाज फाटला. "लग्न होऊन आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी बघितलं मी. चहा संपला तरी कप सोडवेना तुला. तळाशी बघत बसली होतीस. म्हटलं, अजून हवाय का? तर म्हणे, 'नको नको, झालं!' सात वेळा विचारलं असेल, सात वेळा 'नको नको'! मग तुझ्या मामीशी बोलताना ते दोन नियम कळले. मागायचं नाही, पण टाकायचंही नाही. म्हटलं, हे सोपं आहे. हिला विचारायचंच नाही, रोज एक उरवायचा!"

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं असतं तर प्यायली असतीस? 'नको नको' केलं असतंस, वेडाबाई!"

वेडाबाई! इतक्या दिवसांनी तो शब्द कानावर पडला आणि माझा बांध फुटला. मी तिथेच जमिनीवर बसून रडायला लागले. ज्या कपासाठी मी त्यांचं चार लोकांत हसं केलं, तो माझ्या तोंडचा कप होता! आणि मी तो रोज पिऊन, वर त्यांच्याच गणिताला नावं ठेवत होते. आई उठून आल्या, माझं डोकं त्यांनी पोटाशी धरलं. बाबा नाक शिंकरायला लागले. नवरा काहीतरी पुसायला शोधत होता. त्याला काही मिळेना, कारण रुमालांचं खोकं त्याने टाकलं होतं.

मी डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात गेले. आधण ठेवलं. चहा केला. पाच कप भरले, ट्रे घेऊन बाहेर आले, चार वाटले.

"अगं बाई!" मी म्हटलं. "उरला की एक! आई, वाया जाईल. घेता का?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला नको. मला एकाच्या वर झेपत नाही. ॲसिडिटी होते. तू घे."

"नाही, आज तुम्हीच घ्यायचा!"

"अगं, खरंच नको!"

"माझी शपथ!"

"शपथ काय घालतेस? जळजळेल मला!"

"अर्धा घ्या!"

"घशाखाली उतरायचा नाही, तू घे!"

"अहो, कोणीतरी प्या गं बायांनो! गार होतोय!"

हे आमच्यापैकी कोणीच म्हटलं नव्हतं. चौघंही जागच्या जागी उडालो. आवाज यंत्रातून आला होता.

"आजी?" मी यंत्राला विचारलं. "तुम्ही अजून आहात?"

"प्रश्न विचारला होता ना मी? म्हटलं, उत्तर ऐकूनच फोन ठेवावा," आजी म्हणाल्या. "मीही रडले थोडी. एक पातेलं खाली ठेवलंत ना मघाशी, ते फार जोरात आपटलंत."

आम्ही सगळे बाबांकडे वळलो. बाबा यंत्राला चारी बाजूंनी न्याहाळत होते. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "जुन्या रिसीव्हरमधलं सगळं बसवलं ना मी. ऐकायचंही आणि बोलायचंही. म्हणूनच एकही स्क्रू उरला नाही!"

म्हणजे इतके दिवस वाचक आमचं घर ऐकत होते आणि आम्ही त्यांचे अभिप्राय! त्यातल्या निम्म्या वाचकांनी पुस्तक विकतच घेतलं नव्हतं, हे मला पुढे प्रकाशकांकडून कळलं. नुसत्या फोनवर भागत होतं त्यांचं.

आता सगळं पूर्वीसारखं आहे. नवऱ्याने परवा एक खोकं आणलं, रिकामं, सुंदर, त्यात घालायला घरात काही नाही. बाबांनी गळका नळ दुरुस्त केला. आता तो गळत नाही, येतच नाही. घंटाही परत शेजारी वाजते. शेजारणीच्या चेहऱ्यावर तेज आलंय.

मागच्या आठवड्यात तिनेच हाक मारली, "अहो, तुमच्याकडे कोणीतरी आलंय!" दारात एक ठेंगणी, काठी टेकत उभी असलेली म्हातारी. तिने तोंड उघडल्याबरोबर आम्ही चौघांनी ओळखलं. आईंनी तिचा हात धरून तिला खिडकीपाशी, माझ्या जागेवर बसवलं. शेजारीणही आत येऊन बसली, तिला कोणी बोलावलं नव्हतं. आम्ही सहा माणसं झालो. आईंनी चहा आणला. सगळ्यांना दिला. आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई, उरला की एक! वाया जाईल."

सातवा कप माझ्या हातात आला. मी या वेळी 'नको नको' म्हटलं नाही, नाइलाज आहे असंही म्हटलं नाही. सगळे मजेत होते, घर भरलेलं होतं, म्हटलं, लेखिकेला विचारायला याहून चांगली वेळ कुठली?

"आजी," मी हळूच म्हटलं, "आता सगळं माहीत झाल्यावर, पुस्तकाबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

आजींनी बशीतला शेवटचा घोट घेतला, पदराने तोंड पुसलं आणि माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

"सांगितलं ना फोनवर? मधे मधे लांबलंय. चहा मात्र झकास आहे हो!"